सात घरांत बारा फूट जास्त

आमच्या गावातली सात घरं मी एका दुपारी बारा फूट पुढं सरकवली, असा माझ्यावर आरोप आहे. आरोप खरा आहे. पण ती सरकवताना एक वीट हलली नाही, कुणाच्या चुलीवरचं आधण सांडलं नाही आणि मजूर म्हणून एक माणूस लागला नाही, हे कुणी लक्षात घेत नाही. हे सगळं काम मी आणि नववी-दहावीच्या वीस मुलांनी शाळेच्या टेक्निकल विभागात, चपला बाहेर काढून, कॉम्प्युटरवर केलं.

गोष्ट शहाण्णव-सत्त्याण्णव सालची. कडेगावपासून सात किलोमीटरवरच्या आमच्या हायस्कुलात मी, म्हणजे मगदूम सर, यंत्रचित्रकला शिकवायचो. मुंबईला नाव काढलेल्या एका माजी विद्यार्थ्यानं शाळेला कॉम्प्युटर आणि रंगीत प्रिंटर दिला आणि पत्रात लिहिलं की, यावर मुलांना ड्रॉइंग शिकवा. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या त्या प्रकाराला कॅड म्हणतात. मला सांगलीला पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं आणि मी परत आलो तो तज्ज्ञ होऊनच. पंचवीस वर्षं टी-स्क्वेअर धरलेल्या माणसाला पाच दिवस म्हणजे उलट जास्तच झाले, असं मी स्टाफरूममध्ये दोनतीनदा सांगितलंही.

कॉम्प्युटर आला त्या दिवशी हेडमास्तरांनी नारळ फोडला आणि पडद्याच्या बरोबर मध्यभागी कुंकवाचं बोट ओढलं. ते पुढं पुसता पुसता पसरलं आणि पहिले दोन महिने आमच्या सगळ्या ड्रॉइंगवर मावळतीचा रंग राहिला. कॉम्प्युटरला गारवा लागतो, अशी बातमी कुणीतरी सोडली. तेव्हा दूध डेअरीवाला धुळा स्वतःहून आला. गारव्यातलं गावात त्यालाच कळतं, असं त्याचं म्हणणं.

"मास्तर, खिडक्यास्नी वली पोती बांदा. दूध नासत न्हाई, तर ह्यो काय नासतोय?"

पोती बांधली. चार दिवसांत खोलीला असा वास सुटला की मुलं नाकाला रुमाल लावून भूमिती शिकू लागली. पाचव्या दिवशी कीबोर्डवर बुरशी दिसली, तेव्हा पोती सोडली आणि धुळानं गावभर सांगितलं की मास्तरांनी पाणी जास्त मारलं.

मुलं वीस आणि कॉम्प्युटर एक. यावर मी जो उपाय काढला, तो सांगलीच्या प्रशिक्षणातसुद्धा नव्हता. प्रत्येकानं पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून आणायचा आणि माऊस म्हणून साबणाची वडी, मागं सुतळी. मी फळ्यापाशी उभं राहून 'लाईन' म्हणायचो, की वीस पुठ्ठ्यांवर वीस बोटं पडायची आणि वीस वड्या बाकावरून एकदम सरकायच्या. वर्ग संपल्यावर बाकं इतकी गुळगुळीत व्हायची की पुढच्या तासाला मराठीचे सर टेकायला गेले आणि घसरले. त्यांनी लेखी तक्रार केली. मी लेखी उत्तर दिलं, त्यात 'शैक्षणिक साधन' हा शब्द चार वेळा घातला.

या सगळ्यांत पुढं होती ती दहावीतली आम्रपाली. तिचा पुठ्ठ्याचा कीबोर्ड इतका बिनचूक होता की खऱ्यावर बसल्यावर तिला अक्षरं शोधावी लागायची नाहीत. तिचे वडील राजरत्न, ज्यांना ती दादा म्हणायची, शिरवळच्या एका कारखान्यात लेथवर होते. महिन्यातून एकदा घरी येताना ते कारखान्यातली रद्दीतली ड्रॉइंग आणायचे आणि ही पोरगी ती चुलीपुढं बसून वाचायची. राजरत्ननं कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातल्या साहेबांपाशी शब्द टाकला होता. साहेब म्हणाले होते, पोरीकडं कॅडच्या मान्यताप्राप्त वर्गाचं प्रमाणपत्र असेल तर मे महिन्यात तिला शिकाऊ म्हणून बसवतो, पुढचं पुढं बघू.

आता मान्यताप्राप्त हाच शब्द अडचणीचा होता. वर्गाला मान्यता द्यायची की नाही हे बघायला वीस फेब्रुवारीला सांगलीहून अधिकारी येणार होते. अट अशी की कमीत कमी पंधरा मुलांनी स्वतः काढलेलं ड्रॉइंग पडद्यावर दाखवायचं. मान्यता मिळाली तर कॉम्प्युटर टेक्निकलला कायम, आम्रपालीला प्रमाणपत्र. नाही मिळाली तर कॉम्प्युटर ऑफिसात, म्हणजे आमचे क्लार्क नाथाजी यांच्या टेबलावर, दाखले टाईप करायला. नाथाजींनी त्याची वाट बघत घरी कॉम्प्युटरसाठी आच्छादन शिवून घेतलं होतं. निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्यानं 'कार्यालय' असं भरलेलं होतं, ते त्यांनी मला दाखवलंसुद्धा.

मी म्हटलं, "नाथाजी, ते उशीला वापरा."

वीस मुलं होती आणि पंधराची गरज. मला काळजी करण्यासारखं काहीच दिसत नव्हतं. मी मुलांना सांगितलं, नट-बोल्ट सगळेच काढतात, तुम्ही तुमचं स्वतःचं घर काढा. शाळेची पन्नास फुटी टेप पाळीपाळीनं घरी न्या, मोजा आणि आणा.

वीरधवलनं हात वर केला. हा ऊसवाल्या आकारामचा मुलगा. "सर, भितीबी धरायच्या?"

"बाहेरून बाहेर, भिंतींसकट."

"मधली भित बी? आमची आन् सुभेदार चुलत्यांची एकच हाय."

इथं मी थोडा थांबून विचार करायला हवा होता. पण माझा आवाज त्या दिवशी छान लागला होता. "भिंत घराचीच असते," मी म्हटलं. "भिंत सोडून घर मोजलं तर तो मांडव होईल." वर्गानं ते वहीत लिहून घेतलं.

वेशीजवळची पिठाची गिरणी ते धुळाची डेअरी अशी आमच्या गावात एक गल्ली आहे. तिथं एकाच भावकीची सात घरं ओळीनं आहेत, एकाला एक लागून, मधे दोन-दोन फुटी दगडमातीच्या भिंती. सातव्या घराच्या पुढं आठ फुटांचा बोळ आणि बोळापलीकडं डेअरी. या सातही घरांतलं एकेक मूल माझ्या वर्गात होतं. सात जणांची ड्रॉइंग तयार झाल्यावर मला जे सुचलं ते मी अजूनही चुकीचं मानत नाही. ही सात घरं एकाच ड्रॉइंगमध्ये ओळीनं लावली तर अख्ख्या गल्लीचा नकाशा होतो! अधिकारी नट-बोल्ट बघून कंटाळलेले असणार. त्यांच्यापुढं गल्ली ठेवायची.

ग्रामपंचायतीच्या जुन्या नकाशावरून मी गिरणी आणि डेअरी आधी जागेवर बसवली आणि मग मधे एकेक घर चिकटवत गेलो. पहिली सहा छान बसली. सातवं लालासाहेब सुभेदारांचं, त्यांच्या पूजानं काढलेलं. ते बसवलं आणि बघतो तर त्यानं अख्खा बोळ गिळला होता आणि वर चार फूट डेअरीत शिरलं होतं. सुभेदारांचं स्वयंपाकघर आणि धुळाची दुधाची कॅन एकाच जागी आली होती. मी चष्मा पुसून परत बघितलं. मग म्हटलं, सुभेदारांनी घर वाढवलं असेल, आपण नकाशा काढणारी माणसं, आपण गावकीत पडू नये.

तो नकाशा तीन कागदांवर छापून, खळीनं चिकटवून मी सरपंचांना भेट दिला. त्यांनी तो पंचायतीच्या भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकानं तो बघितला. इतक्या सरळ रेघा त्यानं नोकरीत कधी बघितल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी लालासाहेब सुभेदारांना नोटीस निघाली की आपण सार्वजनिक बोळाची आठ फूट व सहकारी डेअरीची चार फूट जागा व्यापली असून पंधरा दिवसांत अतिक्रमण काढून घ्यावे.

सुभेदार शाळेत आले ते थेट आमच्या खोलीच्या दारात. दारावर 'चपला बाहेर काढा' अशी पाटी होती. माणूस संतापानं लाल झाला होता, पण सव्वीस वर्षं फौजेत काढलेला. लिहिलेला हुकूम मोडायचा नाही. त्यांनी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या आणि नाड्या सोडता सोडताच मला फैलावर घेतलं. बूट उंच होते, त्यामुळं बराच वेळ मिळाला.

"मास्तर, तुमी कुटं ऱ्हाताय? गावातच न्हवं? मग त्यो बोळ हाय का न्हाई? माझ्या दोन म्हशी रोज त्या बोळातनं जात्यात. त्या काय माझ्या सैपाकघरातनं जात्यात व्हय?"

"तसं नाही सुभेदार, तांत्रिकदृष्ट्या…"

"तांत्रिक ठेवा तिकडं. ग्रामसेवकाला म्हनलं, चल, बोळ बघ. त्यो म्हंतो, डोळ्यानं बघितल्यालं फायलीला लावता येत न्हाई! माझ्या पोरीच्या हातनं माझ्याच घराची नोटीस काढून घेतली तुमी. पूजे, ऊठ. दप्तर घे."

पूजा उठली. डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं आधी ड्रॉइंग सेव्ह केलं, हे मी नोंदवून ठेवतो. सुभेदारांनी परत नाड्या बांधल्या, तेवढा वेळ पूजा दप्तर घेऊन दारात उभी होती.

त्या गल्लीतली भावकी एरवी एकमेकांच्या घरी चहाला जात नसे. आकाराम आणि सुभेदार चुलतभाऊ, पण गेली सहा वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. नोटिशीनं मात्र सगळे एक झाले. आज सुभेदाराला नोटीस आली, उद्या आपल्याला येईल, म्हणून आकारामसकट साऱ्यांनी आपापली मुलं कॅडच्या वर्गातून काढून घेतली. सात गेली. तेरा राहिली. हेडमास्तरांनी मला बोलावून एवढंच विचारलं, "पंधरा लागतात ना?" बाहेर आलो तर नाथाजी टेप घेऊन आमच्या कॉम्प्युटरची उंची मोजत होते. आच्छादन दोन बोटं आखूड पडत होतं म्हणे.

मी ग्रामसेवकाकडं गेलो. नोटीस मागं घ्या म्हटलं.

"सर, नोटीस काढायची पद्धत हाय. मागं घ्यायची पद्धत न्हाई." मग माझा चेहरा बघून त्यानं आवाज खाली आणला. "एक करा. दुरुस्त नकाशा आणा. सातीच्या सात घरांच्या सह्या घिऊन. मग मी 'दुरुस्त नकाशानुसार कार्यवाहीची गरज नाही' असं लिहितो."

नकाशा दुरुस्त करायचा, पण त्यात चुकलंय काय, हेच मला कळत नव्हतं. प्रत्येक घर बरोबर होतं. मी स्वतः तपासलं होतं. सात बरोबर गोष्टी एकत्र केल्यावर चूक कशी होईल? दोन दिवस मी हेच वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हणत राहिलो आणि स्टाफरूममध्ये सगळे मान डोलावत राहिले.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्रपाली वही घेऊन आली. "सर, मी बेरीज केली. सात घरांची मिळून एकशे ऐंशी फूट हुत्यात. आन् पंचायतीच्या नकाशात गिरणीपासनं बोळापातूर एकशे अडुसष्टच हायत."

"म्हणजे पंचायतीचा नकाशा चुकीचा."

"न्हाई सर. बोळ तर हायच की. बारा फूट जास्त आपल्यातच हायत." ती जरा घुटमळली. "सात घरांमधी सा भिती, सर. दोन फुटाची एक. सा दुणे बारा. परत्येकानं मधली भित आपल्यात धरलीया. म्हंजी एकेक भित दोनदा आलीया. आमचं घर वस्तीत एकटंच हाय, चारी भिती आमच्याच. म्हनून माझ्यात काय चुकलं न्हाई. दादांच्या कारखान्यात दोन पार्ट एकमेकाला लावलं की मधली बाजू एकदाच मोजत्यात."

मी खिडकीबाहेर बघितलं. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. 'मला वाटलंच होतं' असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण समोर ती वही होती आणि त्यात माझंच वाक्य तिच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं, तारखेसकट. भिंत घराचीच असते. तेव्हा मी म्हटलं, "आम्रपाली, चूक माझी आहे." हे वाक्य मी वर्गात पहिल्यांदाच उच्चारत होतो. ती घाबरून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सर."

पण राहू देऊन चालणार नव्हतं. मी ठरवलं की सगळ्या भावकीसमोर उभं राहून चूक कबूल करायची. रविवारी सकाळी सुभेदारांच्या सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, सातही घरांची माणसं बोलावली. स्वच्छ शर्ट घातला, टोपी घातली. आदल्या दिवशी आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं होतं. उभा राहिलो आणि म्हटलं, "मंडळी, शिक्षकानं चूक मान्य करायला लाजू नये. ही चूक सर्वस्वी माझी आहे. मला क्षमा करा."

मग आकाराम म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या वो मास्तर. भितीचं काय म्हंताय?"

माझ्या क्षमायाचनेचं एवढंच झालं. मला वाईट वाटलं, उघड सांगतो. निदान एकानं तरी 'चालायचंच' म्हणायला हवं होतं.

"भिंतीचं असं," मी म्हटलं, "की मधली प्रत्येक भिंत एकदाच काढायची. एकाच्या घरात धरली की दुसऱ्याच्या घरात धरायची नाही."

"मंग आमच्यातली माझ्यात धरा," सुभेदार म्हणाले.

"तुमच्यात का म्हनून?" आकाराम सरळ त्यांच्याकडं न बघता मला म्हणाला. "मास्तर, त्यास्नी इचारा, त्या भितीत कोनाडं कुनाचं हायत?"

"मास्तर, ह्यांस्नी सांगा, कोनाडं हिकडनंबी हायत. माझी मेडलं त्याच भितीला हायत."

मी म्हटलं, "मग निम्मी-निम्मी करू. मधोमध रेघ मारू, एक फूट तुमचा, एक फूट त्यांचा."

हे मी बोललो आणि सहा वर्षं न बोललेले दोन चुलतभाऊ एकाच वेळी एकच वाक्य बोलले. "भित काय भाकरी हाय व्हय, निम्मी कराय?" मागून पाचही घरं 'तर काय!' म्हणाली. सगळ्यांच्या भिंती तशाच होत्या.

"सुभेदार, अहो नोटीस तुम्हाला आलीय! सही केली की नोटीस जाईल."

"असू द्या. नोटीस चालंल. कोर्टात जाईन. भित न्हाई जायाची."

मी टोपी काढून घाम पुसला. अधिकारी यायला चार दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाऊन नुसता बसलो. आम्रपालीनं सांगलीहून मी आणलेल्या झेरॉक्सच्या नोट्स मागून घेतल्या. शेवटचं प्रकरण काढून म्हणाली, "सर, हे लेयर म्हंजी काय? तुमी शिकवलं न्हाई."

आता सांगायलाच हवं. प्रशिक्षणाच्या पाचव्या दिवशी लेयर होतं. आणि पाचव्या दिवशी मी जेवायला माधवनगरला घरी गेलो होतो, तिथं पुरणपोळ्या होत्या, आणि पुरणपोळीनंतर माणसाला जे होतं ते मला झालं. वर्गात मी लेयर 'पुढच्या वर्षाला आहे' म्हणून सांगितलं होतं. आता म्हटलं, "तूच वाच. मी ऐकतो."

तिनं शब्दकोश घेऊन वाचलं, सगळी मधली सुट्टी. मग कॉम्प्युटरवर बसली. आणि जे दाखवलं ते असं की एकाच ड्रॉइंगमध्ये एकावर एक पारदर्शक कागद ठेवल्यासारखं करता येतं. हवा तो कागद दाखवायचा, नको तो लपवायचा. तिनं प्रत्येक घराच्या नावाचा एकेक लेयर केला. सुभेदारांच्या लेयरवर मधली भिंत लाल रंगात सुभेदारांच्या घरात. आकारामच्या लेयरवर तीच भिंत, त्याच जागी, हिरव्या रंगात आकारामच्या घरात. दोन्ही एकावर एक. गल्लीची लांबी एकशे अडुसष्ट, बोळ मोकळा, म्हशींना वाट.

"पण मग भिंत खरी कुणाची?" मी विचारलं.

"ते नकाशात कुटं लिवायचंय, सर? त्यो लांबीचा नकाशा हाय."

त्याच दिवशी मी सातही घरांत निरोप धाडला की आपापली भिंत कॉम्प्युटरवर बघून जा. 'आपापली' या शब्दावर सगळे आले. सुभेदारांनी नाड्या सोडल्या, खुर्चीवर बसले आणि लाल भिंतीकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, खरं सांग. आकारामच्या कागदावर काय हाय?"

आम्रपालीनं माझ्याकडं बघितलं. मी मनात म्हटलं, आता संपलं. पण ती खोटं बोलली नाही. "त्यांच्या कागदावर त्यांची हाय, काका. रंग तेवढा हिरवा हाय. जागा तीच."

सुभेदारांनी खुर्ची पुढं ओढली. पडद्यावरची भिंत बोटानं मापली, जणू काचेतून हात आत जाईल. मग एकदम हसले. "म्हंजी आत्ता घरात हाय तसंच की! त्यो तिकडनं आपली म्हंतो, मी हिकडनं आपली म्हंतो, आन् भित आपली हुबी." आणि त्यांनी आपल्या लेयरच्या छापलेल्या कागदावर सही केली, हुद्द्यासकट.

आकारामनं सही करायच्या आधी हिरवा रंग अजून गडद करायला सांगितला. तो केला. बाकीच्या पाच घरांनी मग रंग निवडण्यात दोन तास घेतले. जांभळ्या रंगावरून दोन घरांत जरा शब्दाला शब्द झाला, तेव्हा तो कुणालाच दिला नाही.

सात सह्यांचे सात नकाशे ग्रामसेवकासमोर ठेवले. त्यानं सगळ्यांवर पट्टी लावली. लांबी जुळली, बोळ जुळला. मग त्यानं सातही कागद ओळीनं मांडले आणि भुवया वर केल्या.

"सर, ही भित ह्यात लाल, ह्यात हिरवी. कुनाची म्हनायची?"

"तुमच्या नमुन्यात रकाना आहे का भिंतीच्या मालकाचा?"

त्यानं नमुना वरपासून खालपर्यंत वाचला, मागची बाजूही बघितली. "न्हाई," तो म्हणाला आणि मोकळा झाला. नोटिशीवर शेरा मारला. संध्याकाळच्या आत सातही मुलं परत वर्गात आली. पूजानं पुठ्ठ्याचा कीबोर्ड घरी इस्त्रीनं सरळ करून आणला होता.

वीस तारखेला अधिकारी आले. वीसच्या वीस मुलांनी आपलं ड्रॉइंग उघडून दाखवलं, आणि सगळ्यांत शेवटी आम्रपालीनं गल्ली. सात लेयर एकेक करून लावले आणि घालवले. अधिकारी पुढं झुकले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सर, लेयर फार छान शिकवलेत. यांची रचना कशी करायची, हे जरा तुम्हीच सांगा."

वीस मुलं माझ्याकडं बघत होती. पुढच्या वर्षाला आहे, असं म्हणावंसं फार वाटलं. पण सोप्यावरच्या त्या रविवारी एकदा जमलं होतं, म्हणून परत म्हटलं, "साहेब, मी शिकवले नाहीत. तिनं स्वतः वाचून काढले. आणि मला तिनं शिकवले."

अधिकाऱ्यांनी शेरा लिहिला. वर्गास मान्यता देण्यात येत आहे, संगणक तांत्रिक विभागात ठेवावा, विद्यार्थिनी आम्रपाली हिचं काम विशेष उल्लेखनीय. आणि खाली वेगळ्या ओळीत: संबंधित शिक्षकांस पुनश्च प्रशिक्षणास पाठवावे. तो शेरा मी स्वतः वर्गात वाचून दाखवला, शेवटच्या ओळीसकट. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कुठल्या ओळीला वाजवल्या, हे मी विचारलं नाही. नाथाजींनी मोठ्या मनानं ते आच्छादन आम्हाला देऊन टाकलं.

मे महिन्यात शिरवळला जायच्या आधी आम्रपाली दोनदा सरावाला आली. म्हणाली, "सर, गावातली सगळी घरं काढून झाली. तुमचंच ऱ्हायलंय." मी भाड्यानं राहत होतो, पण माधवनगरला वडिलांनी बांधलेलं घर आहे. अर्ध्यात थोरला भाऊ, अर्ध्यात आम्ही. सुट्टीला जाऊन, बायकोला टेपचं दुसरं टोक धरायला लावून, मी फूट-इंचांत सगळी मापं स्वच्छ लिहून आणली आणि तिच्यापुढं ठेवली. म्हटलं, बघ, मापं कशी घ्यायची असतात.

तिनं कागदावरून बोट फिरवलं आणि एका आकड्यावर थांबली. "सर, ही मधली भित. तुमची आन् तुमच्या दादांची. ही तुमच्यात धरलीया."

"धरलीय," मी म्हटलं.

"पर सर, दादांनी मोजलं तर?"

"त्यांनी मोजलं तर त्यांचं ते बघतील. भिंत माझी आहे. माझी पुस्तकांची फळी तिलाच ठोकलीय."

आम्रपालीनं माऊस हातात घेतला. तिनं नवा लेयर उघडला आणि त्याला माझं नाव दिलं.